उत्क्रांतीच्या झाडातला फुटण्याचा क्रम फांदीच्या लांबीत लपवावा का?

पानगळ: फांद्यांची लांबी न देता न्यूइकमध्ये, म्हणजे कंसांच्या लेखनपद्धतीत, झाड लिहिलं, ((वाघ,सिंह),(कुत्रा,लांडगा)), तर कुठली जोडी आधी फुटली ते कळतच नाही. चार टोकांची (इथे चार प्राणी) मूळ असलेली, दोन-दोन फाट्यांची झाडं १५. क्रम धरला की १८. दहा टोकांना तोच आकडा अडीच अब्जांपुढे जातो. म्हणून आर या संगणकभाषेत मी ब्रँचिंग.टाइम्सने काढलेल्या गाठींच्या (फाट्यांच्या) वयांना रँक लावतो, सर्वांत अलीकडची १, आणि रँकमधला फरक लांबी म्हणून लिहितो: ((वाघ:२,सिंह:२):१,(कुत्रा:१,लांडगा:१):२), आरचं एप पॅकेज मुकाट वाचतं. क्रमासाठी वेगळी जोडफाईल सांभाळायला नको.

गाठ_सात: साफ नामंजूर. कुत्रा-लांडगा हजारो वर्षांपूर्वीचं, वाघ-सिंह लाखो. तुमच्या झाडात फरक फक्त दुप्पट! माझ्याकडे अशीच एक फाईल आली होती, मी भाबडेपणाने त्यावर उत्क्रांतीचा वेग काढत बसलो. दोन दिवस पाण्यात. क्रम गाठीच्या लेबलात लिहा.

पानगळ: तिथे लोक बूटस्ट्रॅप लिहितात, म्हणजे त्या फाट्यावर किती टक्के भरवसा. ३ दिसला की समोरच्याला घामच फुटेल.

मर्जबुवा: दोघंही भांडताय कशाला? झाड एच-क्लस्टमध्ये, म्हणजे आरच्या जोड्या जुळवत जाणाऱ्या रचनेत, बदला. त्याच्या मर्ज तक्त्याची पहिली ओळ म्हणजे पहिली जोडणी (सर्वांत अलीकडचा फाटा), दुसरी म्हणजे दुसरी. क्रम रचनेतच आहे. एप झाड ज्यात ठेवतं त्या फायलो ऑब्जेक्टमध्ये मात्र गाठींचे नंबर टोकांच्या पुढे सुरू होतात, पहिला मुळाचा. बाकीचे काळाच्या क्रमाने असतीलच असं नाही. तिथेच निम्मे लोक फसतात.

गाठ_सात: आणि माझे विषाणूंचे नमुने? प्रत्येकाची तारीख वेगळी, टोकं एका रेषेत नाहीत. तुमचा एच-क्लस्ट दारातूनच परत पाठवतो.

मर्जबुवा: हं. तिथे नाही चालत, कबूल.

कोवळं_पान: मधेच विचारते, रागावू नका. मला दोन गाठींना रँक १.५ आली. दीड नंबरची गाठ कशी असेल?

पानगळ: दोघींचं वय सारखं निघालंय. अशा वेळी आर सरासरी देतं. रँकच्या टाइज.मेथड या पर्यायाला 'फर्स्ट' दे, सुटेल.

गाठ_सात: अजिबात देऊ नकोस! यादीत जी आधी, तिला १ मिळेल; त्याचा काळाशी काय संबंध? आधी मूळ फाईल उघड. कुणी आकडे छाटलेत का बघ.

कोवळं_पान: उघडली. सगळीकडे दशांशानंतर दोनच घरं आहेत.