‘ऑल्दो’ला ‘बट’ जोडणाऱ्यांना माफ, ‘अनलेस’ला ‘नॉट’ जोडणाऱ्यांना नाही!

फाइलवाली_अंधेरी

अंधेरीतल्या एका ऑफिसात नोकरीचे अर्ज चाळणं हे माझं रोजचं काम. स्पेलिंग हल्ली कॉम्प्युटरच सुधारून देतो, काळही बऱ्यापैकी सांभाळतो. घोळ होतो तो उभयान्वयी अव्ययांत. अर्जात मुळात जे लिहायचं होतं त्याच्या उलटं लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. माझं मत आधी सांगते, मग हवं तेवढं भांडा.

‘ऑल्दो आय अ‍ॅम अ फ्रेशर, बट आय लर्न फास्ट.’ व्याकरणाने चूक, कबूल. येते कुठून तेही उघड आहे. आपल्याकडे जरी म्हटलं की तरी आलंच पाहिजे, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. ‘अ‍ॅज’ने सुरू करून मध्ये ‘सो’ टाकणारे, ‘बिकॉज’ला ‘देअरफोर’ जोडणारे, सगळे त्याच वाटेने आलेले. पण अर्थाचा केसही वाकडा होत नाही. असे अर्ज मी बिनदिक्कत पुढे पाठवते.

आता हे बघा: ‘अनलेस आय डोन्ट गेट द रिलीव्हिंग लेटर, आय कॅनॉट जॉइन.’ ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. त्यात आणखी एक ‘नाही’ घातलं की वाक्य म्हणतं, लेटर मिळालं तर मी येऊ शकणार नाही! उमेदवाराला म्हणायचं होतं नेमकं उलट.

म्हणून माझं म्हणणं असं की सगळ्या चुकांना एकाच मापाने मोजू नका. क्लासवाले मुलांचा सगळा जीव ‘ऑल्दो-बट’वर आटवतात. अर्थ उलटा करणाऱ्या चुकांकडे बघायला मात्र कोणाला वेळ नाही.

परळचा_मास्तर

ताई, निम्मं पटलं, निम्मं अजिबात नाही. मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी हयात गेली. ‘ऑल्दो-बट’ माफ करायचं नसतं. त्याचं कारण अर्थ नव्हे, सवय. जो मुलगा ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लिहितो, तो मराठी वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरवत असतो. तोच मुलगा ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत’चं ‘अनटिल ही डज नॉट कम’ करणार. दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे हो. तुम्ही एका फांदीला पाणी घालता आणि दुसरी छाटता.

मूळ दुखणं परीक्षेत आहे. ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’ आठवतंय ना? वाक्य दिलेलं असतं, ‘दो’ घालून पुन्हा लिहा, ‘अनलेस’ घालून पुन्हा लिहा. पोरं ‘इफ’ खोडतात, ‘नॉट’ खोडतात, ‘अनलेस’ लिहितात, पैकीच्या पैकी मार्क. मग त्याच पोराला सांगा, सुट्टीचा अर्ज स्वतःच्या मनाने लिही. लगेच ‘अनलेस आय डोन्ट’! २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी पाचवीपासून होतं. वर्षं वाढली, पण स्वतःचं वाक्य स्वतः जोडण्याचा सराव वाढला नाही.

चाळकरी

झालं, आली व्याकरणाची पोलीस चौकी! मी मराठी माध्यमाचा, आता साहेबलोकांत बसून याच इंग्रजीवर पगार घेतो. एक विचारतो. ते ‘अनलेस आय डोन्ट’ वाचून तुमच्या ऑफिसात खरंच कोणी असं समजलं का, की हा माणूस लेटर मिळाल्यावर येणार नाही? सगळ्यांना बरोबर कळलं. तुम्हालाही कळलं, म्हणून तर चूक सापडली.

आणि ही फक्त आपली खोड नाही. चिनी भाषेतही ‘जरी’ला ‘पण’ची जोडी लागते, त्यामुळे चिनी मुलंही इंग्रजीत हीच चूक करतात. खुद्द जुन्या इंग्रजांनाही जोड्या आवडायच्या. १६११ सालच्या बायबलच्या भाषांतरात, ईयोबाच्या पुस्तकात, ‘दो’ने सुरू होऊन ‘यट’वर वळणारं वाक्य आहे. चक्क जरी-तरी! त्यांनी केलं की शैली, आम्ही केलं की चूक?

तसंच ‘अँड’ने किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करायचं नाही म्हणून आमच्या बाईंनी हातावर पट्ट्या मारल्या. त्याच बायबलचा पहिला अध्याय उघडा. ३१ वचनं, त्यातली २९ ‘अँड’ने सुरू होतात. पहिलं तेवढं वेगळं आणि सत्ताविसावं ‘सो’ने, म्हणजे तेही उभयान्वयीच. हे नियम लोकांना दाराबाहेर ठेवण्यासाठी असतात, दुसरं काही नाही.

परळचा_मास्तर

@चाळकरी, ‘अँड’ने वाक्य सुरू करण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. तो नियम कधी नव्हताच. लहान मुलं प्रत्येक वाक्य ‘अँड देन’ने सुरू करतात, ती सवय मोडण्यासाठी शिक्षकांनी काढलेली ती पळवाट. पुढे तिचाच कायदा झाला.

‘दो-यट’ मात्र आजही चालतं, थोडं जुन्या वळणाचं वाटतं इतकंच. ‘यट’ तिथे आपल्या ‘तरीही’सारखं वाक्याच्या आत बसतं. ‘बट’ला ती सोय नाही, तो दोन बरोबरीची वाक्यं जोडतो. ‘ऑल्दो’ने एका वाक्याला आधीच दुय्यम करून टाकल्यावर ‘बट’ने जोडायचं कोणाला?

मधली_सुट्टी

‘ही टोल्ड दॅट व्हाय आर यू लेट’ कोणी घेतलंच नाही अजून? आमच्या साहेबांचा आवडता! ‘तो म्हणाला की उशीर का झाला’, त्या ‘की’चा ‘दॅट’ करून झाला की काम फत्ते. प्रश्नाच्या आधी ‘दॅट’ लागत नाही, ‘ही आस्क्ड व्हाय आय वॉज लेट’ म्हटलं की पुरे. बाकी चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फाइलवाली_अंधेरी

@चाळकरी, कळलं कारण मी मराठी आहे! तेच वाक्य आमच्या परदेशातल्या ऑफिसला गेलं तर तिथला माणूस कपाळाला आठ्या घालून परत मेल करतो. बोलताना चेहरा असतो, हातवारे असतात, समोरचा ‘म्हणजे?’ म्हणू शकतो. कागदाला ती सोय नाही.

आणि प्रत्येक वेळी संदर्भ वाचवतोच असं नाही. हे घ्या: ‘आय डिड नॉट जॉइन दॅट कंपनी बिकॉज माय फ्रेंड वर्क्ड देअर.’ आता सांगा, हा त्या कंपनीत गेला होता की नाही? एक अर्थ, मित्र तिथे होता म्हणून गेलाच नाही. दुसरा अर्थ, गेला होता, पण मित्रासाठी नव्हे. गंमत म्हणजे ‘मित्र होता म्हणून मी ती कंपनी जॉइन केली नाही’ यातही तोच घोटाळा आहे, तेव्हा मराठीवर खापर फोडायची सोय नाही. एरवी ‘बिकॉज’च्या आधी स्वल्पविराम लागत नाही. पण ‘नॉट’वाल्या वाक्यात तो दिला की पहिला अर्थ पक्का होतो. दुसरा हवा असेल तर वाक्यच फिरवून लिहावं. ‘ऑल्दो-बट’वर मुलांचे तास घालवण्यापेक्षा हे शिकवा, एवढंच म्हणतेय.

काळा_कोट

फोर्टात वकिली करतो, त्यामुळे राहवत नाही. ‘अर्थ कळला ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांसाठी एक खटला. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यात काही कामांना सूट होती. त्या यादीच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द होते आणि ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम नव्हता. दुधाच्या गाड्या चालवणारे ड्रायव्हर म्हणाले, सूट आहे ती पॅकिंगला, मग ते रवानगीसाठी असो वा वाटपासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही, नुसतं वाटप करतो, तेव्हा आमचा ओव्हरटाइम द्या. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. २०१८ मध्ये डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. एक ‘ऑर’ आणि एक न दिलेला स्वल्पविराम!

आपल्याकडचंही सांगतो. औषधांच्या कायद्यात ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येत एक ‘अँड’ आहे, इकडे औषधं आणि तिकडे उपचारासाठी वापरायचे पदार्थ. वस्तू दोन्हींत बसायला हवी की एकात बसली तरी पुरे? १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, तिथला ‘अँड’ हा ‘ऑर’सारखा वाचा.

चाळकरी

@काळा_कोट, साहेब, तुम्ही तर माझीच वकिली केलीत! सुप्रीम कोर्टच म्हणतंय की शब्द ‘अँड’ असला तरी हेतू बघून ‘ऑर’ समजा. मग एखाद्या फ्रेशरच्या ‘नॉट’ला तेवढी सवलत का नाही?

काळा_कोट

सवलत मिळते, पण सुप्रीम कोर्टात जाऊन! खालपासून वरपर्यंत खटला चालवायची तयारी असेल तर खुशाल लिहा. आमची फी चालूच राहील.

सोसायटी_सेक्रेटरी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत हे प्रत्यक्ष घडलंय. मागच्या कमिटीने लिफ्टशेजारी नोटीस लावली: ‘अनटिल द मेंबर्स डू नॉट क्लिअर द ड्यूज, पार्किंग विल नॉट बी अलॉटेड.’ तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, बँकेतून रिटायर झालेले, लाल पेन घेऊनच फिरतात. त्यांनी त्या ‘नॉट’भोवती गोल केला आणि खाली मराठीत लिहिलं, ‘म्हणजे थकबाकी ठेवली की पार्किंग मिळेल, आभारी आहे.’ मीटिंगमध्ये थकबाकीदारांपैकी एकाने ती नोटीस फोटोसकट वाचून दाखवली. पैसे शेवटी भरले त्याने, पण मीटिंगचा अर्धा तास त्यातच गेला. आता बरोबर कसं लिहायचं ते कोणी सांगेल का?

फाइलवाली_अंधेरी

‘पार्किंग विल नॉट बी अलॉटेड अनटिल ऑल ड्यूज आर पेड.’ ‘नॉट’ एकदाच, तेही मुख्य वाक्यात. आणि त्याखाली मराठीतही लिहा हो, मुलुंड आहे ते.

बोरिवली_स्लो

ऑफिसच्या मेलमधला ‘हाउएव्हर’ पण घ्या यादीत. ‘आय कॉल्ड यू, हाउएव्हर यू डिड नॉट पिक अप.’ अर्थ ‘बट’चा असला तरी ते क्रियाविशेषण, दोन वाक्यं जोडायचं बळ त्यात नाही. त्याच्या आधी पूर्णविराम द्या नाहीतर अर्धविराम, आणि त्याच्यानंतर स्वल्पविराम. नाहीतर सरळ ‘बट’ लिहा की, कमीपणा येत नाही.

चाळकरी

बरं, ‘अनलेस’ आणि ‘अनटिल’पुरतं मान्य. कागदावर उलटा अर्थ जाऊ नये, यावर वाद नाही. पण मास्तर, ‘ऑल्दो-बट’साठी मार्क कापायला माझा विरोध कायम.

परळचा_मास्तर

मग माझाही लाल पेन कायम! निदान एक करा. इंग्रजी वाक्य लिहून झालं की ‘जरी’चा शब्द दिसतोय का बघा. दिसला तर ‘तरी’चा खोडा. पोरांना याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

दहावी_ब

सर, धागा वाचला. मला एकच विचारायचंय. ‘नो सूनर’नंतर ‘व्हेन’ लिहिलं तर मार्क जातात का? आमच्या क्लासमध्ये दोन्ही चालतं म्हणाले.

परळचा_मास्तर

जातात बाळा. ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, ‘बेटर’, ‘बिगर’सारखं, म्हणून त्याला ‘दॅन’च लागतो. ‘व्हेन’ येतो ‘हार्डली’ आणि ‘स्केअर्सली’ला. आणि ‘नो सूनर’ वाक्याच्या सुरुवातीला आलं की त्याच्यानंतर ‘डिड’ किंवा ‘हॅड’ आधी, कर्ता मागून: ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.’ ‘डिड’ आल्यावर ‘रँग’ नाही, ‘रिंग’. तिथेही अर्धा मार्क जातो.