मदत हवी आहे : आत्याच्या डब्यातलं जुनं गावरान बियाणं, निम्मं मी घालवलं, उरलेलं कसं वाचवू?

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

आत्या गेल्यावर तिच्या फडताळात एक पत्र्याचा डबा सापडला. आत बियांच्या पुरचुंड्या, काही कागदाच्या, काही सुती फडक्यात बांधलेल्या. तिने भाजीचं बी विकत आणलेलं मला कधी आठवत नाही. वेलावरचं एखादं ऐन फळ ती बियाणाला म्हणून सोडायची आणि त्याला कोणी हात लावला की ओरडायची. डबा कोणालाच नको होता, म्हणून मी घेतला. मला बागकामाचा अनुभव म्हणाल तर मनीप्लांट.

पुरचुंड्यांवर पेन्सिलीने नावं आहेत, साल एकीवरही नाही. पण शेवटची दोन वर्षं ती अंथरुणाला होती आणि तिला जाऊन आता वर्ष झालं. म्हणजे सगळं बी कमीत कमी तीन वर्षांचं.

मी काय केलं ते ऐका आणि हसू नका. टोमॅटोच्या तीसेक बिया होत्या. त्यातल्या अर्ध्या बागेतल्या मातीत ट्रेमध्ये पेरल्या, वरून प्लास्टिक झाकलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. सातव्या दिवशी हिरवी टोकं दिसली तेव्हा घरभर नाचले. दहाव्या दिवशी सकाळी बघते तर निम्मी रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण मातीला टेकतो तिथे देठ दोऱ्यासारखा बारीक, पिचलेला. दुसऱ्या दिवशी उरलेलीही गेली. कारल्याच्या सहापैकी चार बिया पेरल्या, त्या वीस दिवसांत उगवल्याच नाहीत. उकरून पाहिलं तर आत लगदा.

आता शिल्लक : टोमॅटो पंधरा, कारलं दोन, काकडी चौदा, वेलघेवडा एकोणीस (पैकी आठांना भुंग्याची भोकं), कांद्याची भरपूर मोठी पुडी, आणि एक पुरचुंडी जिच्यावर फक्त "मोठी" असं लिहिलंय. बस, मोठी. बिया बारीक, चपट्या, गोलसर, फिकट पिवळ्या. आत्याला माहीत होतं काय मोठी ते.

विचारायचंय ते असं. रोपं का कोलमडली? उरलेलं बी आत्ताच पेरून टाकू की ठेवून देऊ? गच्चीत विकतच्या संकरित टोमॅटोची दोन रोपं लावली आहेत, ती जवळ असली तर आत्याचं वाण बिघडेल का? आणि "मोठी" म्हणजे काय, कोणाला ओळखता येईल का?

प्रतिसाद :

रोपं कोलमडली ती बुरशीने. यात चूक बियांची नाही, पाण्याची आहे. बागेतल्या मातीत पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशा असतातच. वर झाकण, आत सतत ओल, हवा खेळत नाही, म्हणजे त्यांना सणच. देठ मातीपाशी पिचणं ही त्याची पक्की खूण. एकदा आडवं झालेलं रोप काही केलं तरी उठत नाही, त्यामुळे तुम्ही काही वेगळं करायला हवं होतं असं मनाला लावून घेऊ नका. करायला हवं होतं ते आधी.

पुढच्या वेळी माती नको. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चांगलं कुजलेलं, चाळलेलं खत घ्या. बी अर्धा सेंटिमीटरच्या खाली नको. पाणी वरून न घालता ट्रे पाण्यात टेकवा, खालून शोषून घेईल, मग बाहेर काढा. पहिलं टोक दिसलं त्याच दिवशी झाकण काढायचं. आणि उजेड! कोंब आल्यावर उजेड कमी पडला की रोपं काटकुळी होतात आणि तशी रोपं सगळ्यात आधी पडतात.

प्रतिसाद :

कारल्याचं कवच जाड असतं. नेलकटरने बाजूच्या कडेला जरासं खरवडा, टोकाकडे नको, कोंब तिथूनच फुटतो. मग रात्रभर कोमट पाण्यात. नंतर मातीत न टाकता ओल्या कापडात गुंडाळून उबेला ठेवा, २५ ते ३० अंशांच्या आसपास. कोंब दिसला की मगच कुंडी. दोनच बिया आहेत तर रोज उघडून बघायचा मोह होणार. बघा, पण कापडाला पाणी सुटेल इतकं भिजवू नका.

घेवड्याला मात्र हे करू नका. जुनी घेवड्याची बी पाण्यात बुडवली की एकदम पाणी ओढून दुभंगते. दमट कागदात हळूहळू फुगू द्या.

प्रतिसाद :

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढा आटापिटा कशासाठी? चांगली संकरित रोपं आणा, भाजी जास्त येते, रोगाला टिकतात. गावरान म्हणजे चांगलंच असं काही नसतं. माझ्याकडे एक जुन्या वाणाचा टोमॅटो होता, चव छान, पण अर्धी फळं तडकायची आणि झाड माणसापेक्षा उंच.

धागाकर्ती :

राग नाही दादा. भाजी हवी असती तर विकतच घेतली असती. मला ती काकडी हवी आहे. पांढुरकी, जाड, आणि सोलताना अख्ख्या घराला कळायचं की काकडी सोलतायत. ती मला कुठेच मिळालेली नाही.

प्रतिसाद :

मग ताई, एक गोष्ट आधी मनाशी ठरवा. या वर्षी तुम्ही भाजी पिकवत नाही आहात, बी पिकवताय. हे ठरलं की अर्धे प्रश्न सुटतात.

पहिलं, सगळं बी एकदम कधीच पेरायचं नाही. निम्मं मागे ठेवा. मागे ठेवलेलं कोरडं करून हवाबंद बरणीत फ्रीजमध्ये. बियाणेवाल्यांचा एक ढोबळ नियम आहे : बियातला ओलावा एका टक्क्याने उतरला की आयुष्य साधारण दुप्पट, तापमान पाच अंशांनी उतरलं की पुन्हा दुप्पट. बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतला दमटपणा थेट बियांवर जमतो.

दुसरं, भोकं पडलेल्या आठ घेवड्यांना फेकू नका. भुंग्याने कोंबाचा भाग खाल्ला नसेल तर त्याही उगवतात. त्यांच्यावर प्रयोग करा, कागदात ठेवा. त्यातून कळेल की चांगल्या अकरांकडून काय अपेक्षा ठेवायची. आणि त्या अकरा चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवून भुंग्याची अंडी-अळ्या मारून घ्या. बी आधी कडकडीत कोरडं हवं, ओलं बी गोठलं तर गेलं.

आता संकराचं. घेवडा आणि टोमॅटो बहुतांशी स्वतःचं स्वतः परागीभवन करतात, घेवड्यात तर फूल उमलेपर्यंत काम उरकलेलं असतं. त्यामुळे संकरित टोमॅटो दोन-चार हातांवर असला तरी फारसा धोका नाही. पण जुन्या मोठ्या फळाच्या वाणांत कधीकधी स्त्रीकेसर फुलाबाहेर डोकावतो आणि मधमाशीला वाव मिळतो. बियाणासाठी धरायच्या घोसावर फूल उमलायच्या आधीच पातळ कापडाची पिशवी बांधा, पराग झडावा म्हणून रोज टिचकी मारा, फळ धरलं की पिशवी काढून खुणेचा दोरा बांधा. झालं. त्या संकरित टोमॅटोचं बी मात्र धरू नका. मेंडेलने १८६६ साली वाटाण्यावर जे दाखवलं तेच होतं : पहिली पिढी सगळी सारखी, तिचं बी पेरलं की आजोबा-पणजोबांचे गुण विखरून बाहेर पडतात.

खरं काम आहे काकडीचं. तिथे नर फूल वेगळं, मादी वेगळं, मध्ये मधमाशी. शेजारच्या गच्चीत दुसरी काकडी असेल तर तुमच्या वेलीवरचं फळ दिसेल आत्याच्याच काकडीसारखं, खाल त्याच चवीचं, कारण गर आईचा असतो. भेसळ आत बियांत असते आणि ती पुढच्या वर्षी कळते. म्हणून हाताने परागण करा. मादी फूल ओळखायला सोपं, मागे करंगळीएवढी काकडी असते. उद्या उमलणार अशा कळ्या संध्याकाळी पिवळ्या पडायला लागतात. दोन-तीन नर आणि एक मादी कळी निवडा, टोकाला दोऱ्याने अलगद बांधा. सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादी फुलात आतल्या भागावर हळूच फिरवा. नर दुसऱ्या वेलीवरचा असला तर उत्तम. मादी फूल पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत लोकर. पहिल्या तीन-चार वेळा फूल गळून पडेल. वैतागू नका, माझी पाच गळली होती.

ते फळ खायचं नाही. हिरवट-पांढरी काकडी पिवळी, मग तपकिरी, भोपळ्यासारखी टणक होईल. तोडल्यावरही दोन आठवडे तशीच ठेवायची. मग गर-बिया भांड्यात थोड्या पाण्यात एक-दोन दिवस आंबू द्या, तळाला बसतील त्या बिया चांगल्या. टोमॅटोलाही हेच, बियाभोवतीचं जेलीसारखं आवरण त्यात सुटतं. वास येतो. घरातले लोक बोलतील.

एक अडचण सांगून ठेवतो. पिकायला सोडलेलं फळ असलं की वेल नवीन काकड्या धरायची कमी करते. म्हणून सुरुवातीला म्हटलं, या वर्षी बी पिकवायचं.

प्रतिसाद :

कांद्याचं सोडा. कांद्याचं बी सगळ्यात आधी मरतं, साध्या घरगुती साठवणीत वर्ष-दोन वर्षं. पंचवीस बिया कागदात ठेवून बघा, एकही फुटली नाही तर समजा.

प्रतिसाद :

काकडी जमली तर एक सावधगिरी. धरलेल्या बियाची काकडी किंवा दुधी चाखताना आधी बारीक तुकडा जिभेला लावा. जहाल कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ टाका, शिजवून पण नाही. या कुळात क्युकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं, रानटी किंवा शोभेच्या वाणाशी संकर झाला की ते परत डोकं वर काढतं, आणि त्याने माणसं गंभीर आजारी पडतात. कारलं मुळातच कडू, ते वेगळं प्रकरण.

बाकी कारलं, काकडी आणि दुधी शेजारी लावले की एकमेकांत मिसळतात हे खोटं आहे. जाती वेगळ्या आहेत, खुशाल लावा.

प्रतिसाद :

"मोठी"बद्दल. बारीक, चपटी, गोलसर, पिवळट म्हणजे मिरची नाहीतर वांगी. काकडी लांबट असते, टोमॅटोच्या बीला लव असते. आत्यांनी "मोठी" लिहिलं, त्यात मिरची बसते आणि वांगीही बसतात, व्याकरणाने काही मदत होत नाही. वांग्याची बी मिरचीपेक्षा लहान आणि जरा तुकतुकीत. पेरा आणि तिसऱ्या-चौथ्या पानाची वाट बघा. गुळगुळीत, चकाकतं पान असेल तर मिरची, खरखरीत लव असेल तर वांगी. मिरची निघाली तर जाळीत लावा, ती आजूबाजूच्या मिरच्यांशी सहज संकर करते.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवडे झाले, हालहवाल देते.

कांदा शून्य. पंचवीसपैकी एकही नाही. पुडी तरी टाकवत नाही, त्यावर तिचं अक्षर आहे.

भोकवाल्या आठ घेवड्यांपैकी तीन फुटल्या! मग हिंमत करून चांगल्यांतल्या सहा लावल्या, पाच वर आल्या. पाच फ्रीजमध्ये. टोमॅटो आठ पेरले, सहा आहेत, खालून पाणी, झाकण पहिल्याच दिवशी काढलं. एकही आडवा नाही. कारल्याची एक बी सोळाव्या दिवशी फुटली, दुसरी कुजली. आता तो एकुलता एक वेल खिडकीत आहे आणि मी त्याला बघायला रात्री उठते हे घरात माहीत आहे. काकडीच्या सातपैकी चार.

"मोठी"च्या दहा पेरल्या होत्या. बारा दिवस काही नाही. मग एकेक करून पाच.

प्रतिसाद :

पानं कशी आहेत ते सांगा ना ताई, इथे सगळे ताटकळलेत.

धागाकर्ती :

कालपर्यंत कळत नव्हतं. आज सकाळी चौथ्या पानावर बोट फिरवलं. खरखरीत आहे, मांजराच्या जिभेसारखं. देठावर जांभळी झाक.

वांगी! आता पुढचा प्रश्न, एका कुंडीत किती रोपं लावू? आणि हिरवी निघणार की जांभळी, ते आत्याने लिहिलेलं नाही.