स्वीडिश पोरं शहाणी झाली की नुसती खोलीत बसली?

बर्फातली_मिरची
लिन्शॉपिंगला येऊन आम्हाला 14 वर्षं झाली. लेक नववीत आहे. परवा शेजारीण कॉफीला आली होती, 1979 चा जन्म, इथलीच. तिने लेकीला सहज विचारलं, शुक्रवारी संध्याकाळी काय करता गं तुम्ही? लेक म्हणाली, "काही नाही, घरीच." शेजारणीने माझ्याकडे असं पाहिलं की पोरीला दवाखान्यात न्यायला हवं.

मग तिने स्वतःचं सांगितलं. उणे दहात जाकिटाची चेन न लावता बसने गावात जायचं, चौघींत एक पिझ्झा, शेवटची बस चुकली तर पायपीट. आईला एवढंच ठाऊक, की पोरगी "बाहेर" आहे. घरात फोन एकच. त्याची वायर ताणून दाराखालून न्हाणीघरात न्यायची आणि तिथे बसून बोलायचं.

मला तिचा हेवा वाटला. आमच्या पोरांच्या चपला दारातून हलत नाहीत, स्नॅपचॅट मात्र रात्री एकपर्यंत जागं. फोनने यांचं बाहेर जाणं गिळलं, हे माझं मत. पटतंय का?

सातारकर_काका
अजिबात नाही. मी 1992 पासून स्टॉकहोमला आहे. शेजारीणबाईंनी अर्धीच गोष्ट सांगितली. त्या बाहेर जाण्यात काय असायचं ते शुक्रवारच्या शेवटच्या लोकलला बघायला यायचं होतं! सरकारी दारूच्या दुकानात, सिस्टेमबोलागेटमध्ये, विसाच्या आत बाटली मिळत नाही. म्हणून कुणाच्या तरी मोठ्या भावाला पटवायचं, नाहीतर प्लास्टिकच्या कॅनमधली हातभट्टी. हो, इथेही हातभट्टी होती, हेमब्रेंट म्हणतात. पंधरा वर्षांची पोर डब्याच्या दारात ओकतेय आणि मैत्रीण तिचे केस धरून उभी आहे, हे मी कितीदा पाहिलंय.

इथे 1971 पासून नववीच्या मुलांना दारूबद्दल दरवर्षी विचारतात. 2000 च्या सुमारास पाचातली चार जणं म्हणायची, वर्षभरात प्यायलो. आता निम्मीसुद्धा म्हणत नाहीत. पोरगी घरी आहे ना? मग देवापुढे साखर ठेवा.

बर्फातली_मिरची
काका, दारूचं मान्य. पण ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या, पांढऱ्या स्नूसच्या पुड्या? अठराच्या आत विकायच्या नाहीत, तरी वर्गातल्या मुलींच्या जाकिटाच्या खिशात ती गोल डबी असतेच. आणि 2024 मध्ये सार्वजनिक आरोग्य खात्याला सांगावं लागलं, की 13 ते 18 च्या मुलांनी दिवसाला दोन-तीन तासांच्या वर स्क्रीन पाहू नये. उगाच सांगितलं का?

नोर्लांडची_सून
तुम्ही दोघंही शहरातले. आमच्याकडे उत्तरेत या, शेलेफ्टिओच्या बाजूला. इथे शुक्रवारी पोरं घरात असतात म्हणणाऱ्याला लोक हसतील. एपा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसणार. जुनी व्होल्वो 740 घ्यायची, मागचा भाग कापून हौदा करायचा, वेग ताशी 30 च्या वर जाणार नाही असा बांधून टाकायचा, मागे लाल त्रिकोण लावायचा. कागदावर तो ट्रॅक्टर. मोपेडच्या परवान्यावर पंधराव्या वर्षी चालवता येतो. आरशाला सुगंधी कागदी झाडांचा घोस आणि स्पीकर असे, की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. पेट्रोलपंप ते चौक, चौक ते पेट्रोलपंप, रात्रभर. मागे दहा गाड्यांची रांग, त्यात पाचवी माझी.

दीर याच गावात असेच फिरायचे. फरक एवढाच, की 2023 पासून प्रत्येकाला सीट आणि पट्टा लागतो. आधी कोण कुठे लोंबकळतंय याला फारसा धरबंध नव्हता. फोन यांच्याकडेही आहे, पण तो कुणाची एपा कुठे उभी आहे ते विचारायला.

उप्सालाचा_बंडू
मी इथेच वाढलो, जन्म 1977 चा. बर्फातली ताई, तुमच्या शेजारणीचं स्वातंत्र्य खरं होतं, पण ते तिचं होतं. 1991-92 च्या हिवाळ्यात एक माणूस स्टॉकहोम आणि उप्सालात परदेशी चेहऱ्याच्या लोकांवर गोळ्या झाडत फिरत होता. अकरा जणांना लागल्या, एक गेला. मी चौदाचा. दिवेलागणीनंतर बाबा मला दूध आणायलाही सोडायचे नाहीत. पुढेही चौकात नव-नाझी पोरांची टक्कल आणि जाडजूड बूट दिसले की आम्ही रस्ता बदलायचो. तेव्हा "आमची पिढी बाहेर खेळली" वगैरे माझ्यासमोर नको.

आणि स्क्रीन नवी कुठे आहे? 2001 मध्ये माझी धाकटी बहीण लुनारस्टॉर्मवर, पोरांच्या गप्पांच्या वेबसाइटवर, पडीक असायची. आपल्या गेस्टबुकात कुणी काय लिहिलं ते बघायला लायब्ररीच्या कॉम्प्युटरपुढे रांग लावायची. ते 2010 मध्ये बंद पडलं, सवय राहिली.

सातारकर_काका
बंडू, तो हिवाळा मलाही आठवतो, नुकताच आलो होतो. बायको स्टेशनवर घ्यायला यायची. मी तिला सोबत, की ती मला, कोण जाणे. पण आत्ताची भीती वेगळी आहे. पंधराच्या आत शिक्षा होत नाही म्हणून टोळ्या शाळकरी पोरांनाच हेरतात, तेही फोनवरून. म्हणजे पोर खोलीत आहे तरी निर्धास्त नाही. बघा, मिरचीताईंना अर्धा गुण देऊन बसलो.

बर्फातली_मिरची
काका, अर्धा गुण जपून ठेवते. बंडूदादा, शेजारीण ते सांगताना मला हे सुचलंच नाही, खरंच.

लेकीच्या शाळेत वर्गाच्या दाराशी नंबर घातलेल्या कप्प्यांचं कापड टांगलंय, "मोबाईल-हॉटेल" म्हणतात. सकाळी फोन तिथे जमा, सुटताना परत. ती म्हणते, मधल्या सुट्टीत पोरं पुन्हा पत्ते कुटायला लागलीत.

आज विचारत होती, 12 डिसेंबरच्या रात्री लुसेवाका आहे, 13 तारखेच्या लुसिया सणाच्या सकाळपर्यंत जागायचं, सगळी मैत्रिणीकडे जमणार, जाऊ का? मी म्हटलं जा, पण लोकेशन चालू ठेव आणि तासातासाला मेसेज कर. ती म्हणाली, "आई, मग शेजारच्या मावशीसारखं कसं होणार?"

अजून उत्तर दिलेलं नाही.