सहा शुक्रवार झाले, सातवा चुकला, ३३ दिवस दोनदा तुटले. माझं नक्की काय चुकतंय?

सातबावन्न

नमस्कार, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. मी वसईची, वय ३६, दोन मुलं, मोठी चौथीत, धाकटा सिनियर केजीत, नवरा शिफ्टला, मी सातबावन्नची लोकल पकडून अंधेरीला जाते. घरात प्रार्थना पहिल्यापासून, आजी संध्याकाळी दिवेलागणीला सगळ्यांना गुडघ्यावर बसवायची, कोणी डुलकी काढली की माळेचा क्रूसच टोचायची.

जानेवारीत एका रिट्रीटला, म्हणजे प्रार्थनेच्या शिबिराला, गेले आणि मनाने घेतलं की नुसत्या रविवारच्या मिस्सावर (चर्चमधल्या उपासनेवर) भागवायचं नाही, जरा मनापासून पवित्र जीवनाकडे जायचं. मग एकेक सुरू केलं. सकाळी अर्पणाची प्रार्थना, ट्रेनमध्ये रोजरी म्हणजे मारियामातेची जपमाळ, दुपारी तीनला दैवी दयेची जपमाळ, जमेल त्या बुधवारी माहीमच्या चर्चची नोव्हेना प्रार्थना, फेब्रुवारीपासून पहिले नऊ शुक्रवार (सलग नऊ महिने पहिल्या शुक्रवारी मिस्साला जाऊन कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायची), आणि वर मॉन्फोर्ट या फ्रेंच संताचं ३३ दिवसांचं समर्पण, स्वतःला मारियेला वाहून घ्यायची तयारी. पहिले सहा शुक्रवार झाले आणि सातव्याला, ऑगस्टमध्ये, पावसाने गाड्या बंद, घरी पोचले तर रात्रीचे साडेदहा. ३३ दिवस आधी २५ मार्चसाठी धरले होते, ते अकराव्या दिवशी तुटले, मग १५ ऑगस्टच्या मारियेच्या सणासाठी धरले, ते नवव्यालाच. पुस्तकं पण घेतली. पर्समध्ये संत फ्रान्सिस डी सेल्सचं डिव्हाउट लाइफ, उशाशी इमिटेशन ऑफ क्राइस्ट, मोबाइलमध्ये अविलाच्या तेरेजाचं आत्मचरित्र. एकाचीही चाळीस पानं झालेली नाहीत.

आणि खरं सांगू का, प्रार्थना कोरडी लागते. तोंडाने नमो मारिया आणि डोक्यात उद्याच्या डब्याची भाजी. परवा तर रोजरी चालू असताना मुलं भांडत होती, मी ओरडले, गप्प बसा, आई प्रार्थना करतेय ना, आणि हातातली माळ टेबलावर आपटली. धाकटा म्हणतो, मारियामाता पण अशी ओरडायची का. त्या दिवसापासून सगळंच बंद आहे. आता ऑक्टोबर, आमच्या आळीत घरोघरी रोजरी फिरतेय, मी मागे बसते आणि नुसते ओठ हलवते.

प्रश्न दोन. शुक्रवार पुन्हा पहिल्यापासून का? आणि ह्या सगळ्यातलं ठेवू काय, सोडू काय?

निर्मळचा जावई

पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नऊ सलग लागतात, म्हणजे पुन्हा पहिला. माझे तीनदा तुटलेत, एकदा तर आठव्याला, लग्नाच्या गडबडीत. नोव्हेंबरपासून धरा, पावसाळ्याच्या आत आठ होतील 😀 दुसऱ्याचं जाणकार सांगतील.

मोजणी बंद

राग मानू नका पण हे नऊ शुक्रवार, तेहतीस दिवस, माळेचे त्रेपन्न मणी, हे सगळं हिशेबाचं खातं आहे. देव काय बँकेत बसलाय? बायबल उघडा, एक वचन वाचा, झालं. जुन्या बायकांच्या ह्या भक्त्यांनी माणूस पवित्र होत नाही, थकतो फक्त. ताईंचंच बघा.

अर्धवट सेमिनेरियन

@मोजणी बंद थकल्यात हे खरंय, पण भक्तीने थकल्यात की सगळ्या भक्त्या एकाच ताटात वाढून घेतल्या म्हणून, ते बघायला हवं. पुरणपोळी वाईट नसते हो, सात खाल्ल्या की त्रास होतो.

ताई, मी सेमिनरीत, म्हणजे फादर व्हायच्या शिक्षणात, चार वर्षं काढून बाहेर पडलेला माणूस, आता दोन मुलींचा बाप, तेव्हा अर्धवट ज्ञान देतोय असं समजा. तुमच्या पर्समध्येच उत्तर आहे आणि तेही पहिल्या चाळीस पानांत. डिव्हाउट लाइफ १६०९ सालचं, आणि ते मठातल्या लोकांसाठी लिहिलेलंच नाही, संसारात, दरबारात राहणाऱ्या बाईला उद्देशून आहे, तिला तो फिलोथेआ म्हणतो. पहिल्या भागाचा तिसरा अध्याय काढा. तिथे विचारतो, बिशप संन्याशासारखा एकांतात जाऊन बसला तर चालेल का, लग्न झालेल्यांनी कापुचिन साधूंसारखं गाठीला काहीच ठेवलं नाही तर, कारागीर दिवसभर चर्चमध्ये बसून राहिला तर? हसू येईल असली भक्ती, असंच म्हणतो तो. ज्याच्या त्याच्या कामाला आणि ताकदीला झेपेल अशीच भक्ती हवी. आणि स्वतः बिशप होता बरं का, जिनिव्हाचा, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात म्हणून राहायचा आन्सीला, म्हणजे परिस्थितीशी जमवून घेणं काय असतं ते त्याला कुणी शिकवायला नको होतं.

आणखी एक, त्याची फुलांची गोष्ट. बागेत फिरून निघताना माणूस चार-पाच फुलं बरोबर घेतो आणि दिवसभर हुंगतो, तसं ध्यानातून एक-दोन विचार उचलायचे आणि दिवसभर जवळ ठेवायचे. म्हणजे रोज अर्धं पान पुरे. तुम्ही तीन पुस्तकं एकदम उघडून बाग विकत घ्यायला निघालात.

इमिटेशन मात्र बाजूला ठेवा सध्या. फार मोठं पुस्तक आहे, पण ते पंधराव्या शतकातल्या मठातलं आहे आणि थकलेल्या माणसाने रात्री अकराला वाचलं तर नुसती अपराधीपणाची टोचणी लागते, स्वतःचा अनुभव सांगतोय. त्यातली एकच गोष्ट घ्या, पहिल्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायातली, वर्षाला एक दुर्गुण जरी मुळासकट उपटला तरी लवकर परिपूर्ण होऊ. वर्षाला एक! तुम्हाला यंदाचा सापडलाय ना, माळ आपटलीत त्या दिवशी. तो घ्या, बाकीचे पुढच्या वर्षी.

शेवटचं म्हणजे हे सगळं कुठल्यातरी एका फादरांना नेमाने सांगा, कन्फेशनला, पापांची कबुली द्यायला, दरवेळी नवीन चर्च शोधू नका. आपली यादी आपणच करायची आणि आपणच नापास व्हायचं, ह्यातून माणूस एक तर सोडून देतो नाहीतर टोकाला जातो. मी दुसऱ्या प्रकारातला होतो.

पुण्यातला गोंयकार

मॉन्फोर्टबद्दल थोडं. हे समर्पण ज्यातलं, ते त्याचं पुस्तक त्याच्या हयातीत छापलंच नाही, तो वारला १७१६ ला आणि हस्तलिखित एका पेटीत सापडलं थेट १८४२ मध्ये. सव्वाशे वर्षं थांबलं, तुमचे ३३ दिवस थोडे थांबले तर आकाश कोसळत नाही.

आणि आपल्या लोकांना हे माहीत नसतं म्हणून सांगतो, मारियेला स्वतःला गुलाम म्हणून वाहून घेणं हे फक्त फ्रान्सचं नाही. आमच्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ, त्यांनी ५ ऑगस्ट १६७७ ला सांकवाळला असं दास्यपत्र लिहून दिलं, तेव्हा मॉन्फोर्ट चार वर्षांचं पोर होतं. पुढे हेच फादर सिलोनला गेले, तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेली, तर मजुराच्या वेषात गेले, आणि जाफन्यात गळ्यात मोठी जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले, कोणाच्या डोळ्यात माळ बघून ओळख दिसते ते बघायला. मला रोजरी म्हटलं की तेच आठवतं, अनोळखी दारात उभा असलेला माणूस. त्यांना संतपद २०१५ मध्ये मिळालं.

आमच्याकडे उपवासकाळात क्रिस्तपुराण वाचतो, रोज पाचच ओव्या. फादर स्टीफन्सचं, १६१६ सालचं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, म्हणजे ह्या वेगाने मी काही संपवत नाही 😄 पण मोठ्याने म्हटलं की पोरं गप्प बसतात, जुनी मराठी त्यांना मंत्रासारखी वाटते. इंग्रजी पुस्तकं रेटत नसतील तर हे करून बघा.

लिझ्यूची मैत्रीण

@मोजणी बंद, माळेचं म्हणाल तर छोट्या तेरेजाने, लिझ्यूच्या, अविलाच्या नव्हे, स्वतः लिहून ठेवलंय की एकटीने रोजरी म्हणणं तिला तपश्चर्येच्या साधनांपेक्षाही जड जायचं, कितीही प्रयत्न केला तरी मन लागायचं नाही. प्रार्थनेत झोप लागायची ती वेगळीच, सात वर्षं. त्यावर ती काय म्हणते तर लेकरं जागी असोत की झोपलेली, आईबापांना सारखीच आवडतात. ही २४ व्या वर्षी १८९७ ला गेली आणि शंभर वर्षांनी १९९७ मध्ये तिला चर्चची आचार्या, म्हणजे शिकवणीतली गुरू, म्हणून जाहीर केलं. तेव्हा ताई, तुम्ही नुसते ओठ हलवताय ना, हलवत राहा.

आणि मुलांवर ओरडलात म्हणून माळ सोडू नका, मुलांना जवळ घेऊन सॉरी म्हणा आणि एकच रहस्य, म्हणजे माळेतला दहा मण्यांचा एक भाग, त्यांच्याबरोबर म्हणा. पाच कशाला हवीत.

मोजणी बंद

तेरेजाचं माहीत नव्हतं. माझा मुद्दा तोच आहे खरं तर, आकड्याच्या मागे लागू नका. भाषा जरा कडक झाली.

रहाटवाले आजोबा

मला टायपिंग जमत नाही नातवाने बोलून टाइप व्हायचं लावून दिलंय तेव्हा पूर्णविराम कुठे पडतील सांगता येत नाही. पोरी तू ते अविलाच्या तेरेजाचं मोबाइलमध्ये ठेवलंयस ना त्यातला अकरावा अध्याय काढ, सात महालांचं पुस्तक नव्हे ते नंतरचं, हे आधीचं आत्मचरित्र. त्यात ती म्हणते आत्मा म्हणजे बाग आणि बागेला पाणी चार तऱ्हेने मिळतं, एक विहिरीतून हाताने शेंदून, दुसरं रहाटाने, तिसरं ओढ्याचं पाटाने आणि चौथं वरून पाऊस. पहिल्यात घाम आपला आणि पाणी थोडं, पावसात आपण काहीच करत नाही सगळं देवाचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो, म्हटलं ही बाई स्पेनची की वसईची, कारण आमच्या वाडीत रहाट होता, मी लहानपणी त्या रेड्यामागे फिरलोय, रेड्याच्या डोळ्यावर झापड, चाकाची कुरकुर, माळेवरचे लोटे एकामागून एक वर येऊन पन्हळीत ओतायचे आणि तिथून पाणी पाटाने केळीला आणि पानवेलीला. आम्ही त्याला रहाटाची माळच म्हणायचो. जपमाळ काय आणि ती माळ काय, रिकामी खाली जाते भरून वर येते.

आता तुझ्या कोरडेपणाचं. मे महिन्यात विहीर तळाला जायची, लोटे अर्धे यायचे, कधी नुसता चिखल. तरी बाबा रोज पहाटे रेडा जुंपायचे. मी एकदा विचारलं पाणी नाही तर कशाला फिरवता, तर म्हणाले अरे रहाट उभा ठेवला तर लाकूड वाळतं, सांधे उघडतात, मग जूनमध्ये विहीर भरेल आणि रहाट मोडलेला असेल. तेरेजा वेगळ्या शब्दांत तेच सांगते, किती दिवस पोहरा खाली सोडला आणि कोरडाच वर आला तरी माळ्याने शेंदणं सोडू नये, बाग त्याची नाही मालकाची आहे, मालकाला दिसतंय कोण काम करतंय. आणि हे सांगणारी बाई स्वतः कशी होती तर प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्याकडे कान लावून बसायची, आणि अठरा वर्षं पुस्तक हातात नसलं तर प्रार्थनेला बसायची हिंमत नाही, कम्युनियन घेतल्यानंतरचा वेळ तेवढा सोडून. तिलाच १९७० मध्ये आचार्या केलं, बायकांमध्ये पहिली.

पण एक चूक मात्र तू केलीस. एका विहिरीवर एक रहाट असतो. तू सहा बसवलेस.

सातबावन्न

आजोबा, हे वाचून ट्रेनमध्ये रडले, शेजारची बाई विचारते घरी सगळं बरं ना.

सगळ्यांचे आभार. रोजरी ठेवतेय, ट्रेनमधली, झोप लागली तर लागली. डिव्हाउट लाइफ अर्धं पान, तेही लंचला. शुक्रवार नोव्हेंबरपासून पुन्हा, कारण खरं सांगायचं तर मला ते आवडतात, ऑफिस सुटल्यावर थेट चर्चमध्ये जाऊन दहा मिनिटं नुसतं बसायला मिळतं. बाकी ॲप काढून टाकले, दुपारी तीनचा अलार्म पण, तो नेमका मीटिंगमध्ये वाजायचा. ३३ दिवसांचं फादरांना विचारून ठरवते.

काल रात्री मुलांबरोबर एक रहस्य म्हटलं. धाकट्याने मध्येच विचारलं, नमो मारियातलं मरणसमयी म्हणजे किती वाजता. मोठी हसत सुटली, मी पण. आज सातबावन्नला भाईंदरची खाडी येईपर्यंत दोन रहस्यं झाली, तिसऱ्याला डोळा लागला तो बोरिवलीला उघडला, बोट त्याच मण्यावर होतं.

आजोबा, रहाट अजून आहे का? फोटो टाका ना.

रहाटवाले आजोबा

पंप आला तेव्हाच गेला. चाक पावसात सडलं, लोटे पोरांनी क्रिकेटमध्ये फोडले. लोखंडी आस तेवढी विहिरीवर आहे, सून त्यावर कपडे वाळत घालते. नातू म्हणतोय फोटो संध्याकाळी टाकतो, आत्ता चादरी आहेत.