सल्ला हवा: ऑडिओ फाइलींची अचूक तांत्रिक माहिती कशातून काढू?

खर्ज: ४०० फाइली आहेत, वेव्ह, फ्लॅक, एमपीथ्री अशी सरमिसळ. प्रत्येकीचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने), बिट-डेप्थ (दर नमुन्याला किती बिट) आणि कालावधी तक्त्यात हवाय. फाइली कुठे अपलोड करायच्या नाहीत. फुकटचंच सुचवा.

उघडा_कान: मीडियाइन्फो, फाइलीची माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर. बेसिक व्ह्यू बदलून ट्री लावा, नाहीतर निम्मी माहिती दिसत नाही. अख्खा फोल्डर ओढून टाकता येतो.

फेडर: पैसे घाला आणि बिट मीटर असलेलं मास्टरिंग सॉफ्टवेअर घ्या. कुठले बिट खरंच हलतायत ते डोळ्यांना दिसतं.

शून्य_डेसिबल: फुकट म्हटलंय वर. बिट तर सॉक्स हे आज्ञा देऊन चालवायचं फुकट साधनही दाखवतं. मीडियाइन्फो हेडर, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीची नोंद, वाचतं. १६ बिटची फाइल कुणी २४ मध्ये सेव्ह केली असेल तर ते २४च सांगणार. सॉक्सचा स्टॅट्स इफेक्ट चालवा आणि बिट-डेप्थची ओळ बघा. २४ बिटच्या फाइलीत तिथला पहिला आकडा १६ आला तर खालचे ८ बिट नुसते शून्य. मात्र मधे कुणी आवाज कमीजास्त केला किंवा डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक गोंगाट) टाकला असेल तर ते बिट भरतात. मग पहिला आकडा २४ येतो आणि त्यावरून काहीच ठरत नाही.

फेडर: एमपीथ्रीला बिट-डेप्थ नसतेच, तो रकाना मोकळा सोडा. एफएफप्रोब (एफएफएमपेगसोबत येणारं, फाइल तपासायचं साधन) तिथे एफएलटीपी म्हणतं तो डीकोडरचा, म्हणजे फाइल उलगडणाऱ्या भागाचा, फ्लोट (दशांश आकड्यांचा) फॉरमॅट आहे. २४ बिटच्या फ्लॅकला ते एस३२ दाखवतं, म्हणून ३२ लिहू नका; बिट्स पर रॉ सॅम्पल बघा.

रिकामी_कॅसेट: मीडियाइन्फोच घ्या. फ्लॅक मुळात एमपीथ्रीतून केलीय का ते स्पेकमध्ये (आवाजातल्या वारंवारितांचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर) कळतं: कमी बिटरेटच्या एमपीथ्रीत वरचे स्वर कापले जातात, म्हणून १६ किलोहर्ट्झच्या वर सगळं काळं.

शून्य_डेसिबल: काळं असणं पुरेसं नाही. जुन्या ध्वनिमुद्रणात वरचे स्वर मुळातच नसतात, पण ते हळूहळू विरत जातात. सुरीने कापल्यासारखी आडवी सरळ रेष दिसली तर संशय घ्या. फ्लॅकच्या हेडरमधला एमडी५ (मूळ आवाजावरून काढलेला पडताळणीचा आकडा) यात उपयोगाचा नाही. डीकोड केलेला आवाज एन्कोड करतानाच्या आवाजाशी जुळतो, एवढंच तो सांगतो.

उघडा_कान: मूळ प्रश्न तक्त्याचा होता. मीडियाइन्फोत एक्सपोर्ट आहे.

खर्ज: एक्झिफटूल घेतोय, तेही फाइलींची माहिती वाचणारं फुकट साधन. सीएसव्ही आणि सबफोल्डरचा पर्याय देऊन हवे ते तीन टॅग मागितले, एका आज्ञेत तक्ता तयार.

शून्य_डेसिबल: एमपीथ्रीच्या कालावधीपुढे 'अ‍ॅप्रॉक्स' आलं असेल, तो अंदाज आहे. व्हेरिएबल (बदलत्या) बिटरेटच्या फाइलीत झिंग हेडर, म्हणजे एकूण फ्रेम किती याची नोंद, नसेल तर हा अंदाज कितीही चुकतो, आणि मीडियाइन्फोही तिथे फसू शकतं. एफएफएमपेग या फुकट साधनाने आउटपुट फॉरमॅट नल (म्हणजे काही सेव्ह न करता) देऊन पूर्ण डीकोड करा. शेवटच्या ओळीतली वेळ खरी.

खर्ज: अ‍ॅप्रॉक्स आलंय, ६२ फाइलींना. तेवढ्या डीकोड करून आकडे बदलतो. बाकी तक्ता एक्झिफटूलचाच.