घरच्या नेटचा स्पीड १०० वरून ३०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) घ्यावा का?

घोडबंदरकर: मंडळी, सध्या १०० चा प्लॅन आहे, नेटवाला मागे लागलाय ३०० घ्या म्हणून. घरात चौघं, माझं वर्क फ्रॉम होम, पोरीचा ऑनलाइन क्लास, आई दिवसभर यूट्यूबवर कीर्तनं बघते आणि बेडरूममधे माझा कॉल अडकतो तो अडकतोच. घेऊ का?

ऐरोलीचा_पक्या: काही गरज नाही. नेटफ्लिक्स स्वतःच फोर-के (एकदम स्पष्ट) व्हिडिओला १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, कॉलला ३-४ म्हणजे डोक्यावरून पाणी, सगळे एकदम बसलात तरी १०० संपत नाहीत. लोचा वायफायचा आहे, त्याचे दोन बँड (लहरींचे पट्टे) असतात, ५ गिगाहर्ट्झचा भिंतीपलीकडे दम तोडतो आणि २.४ वर अख्ख्या बिल्डिंगच्या वायफायची गर्दी. राउटर कुठंय?

घोडबंदरकर: टीव्हीमागे, शोकेसमधे 😅

वाशीवाला: बाहेर काढा आधी! मग राउटरपासून लॅपटॉपला लॅन केबल (नेटची वायर) लावून स्पीड टेस्ट करा, ९०-९५ आले तर लाइन ठणठणीत. आणि बऱ्याच जुन्या राउटरचे पोर्ट (केबल लावायच्या खाचा) १०० एमबीपीएसचेच असतात, त्यावर ३०० घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

कळवेकर: घरात कुणी गेम डाउनलोड करत असेल तर मात्र फरक पडतो हां, ५० जीबीला १०० वर तास उलटतो, ३०० वर वीस-बावीस मिनिटं. बाकी अपलोड (आपल्याकडून बाहेर जाणारा) स्पीड किती देतोय ते नेटवाल्याला विचारा, कॉलला तोही लागतो आणि हे लोक त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.