रंगारी, रंग आणि ओल : कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

गणपती झाले की गावातल्या रंगाऱ्यांचे फोन लागायचे बंद होतात. लागलाच तर "येतो की साहेब, चालू काम तेवढं उरकू दे" एवढंच ऐकायला मिळतं. या वर्षी आमच्या घराला आतून-बाहेरून कलर मारायचा आहे. कंपन्यांच्या जाहिराती बघून झाल्या, आता आपल्या गावच्या पावसात काय टिकलं ते ऐकायचं आहे. माणूस कसा निवडलात, पैसे कसे ठरवलेत आणि रंग दिल्यावर भिंत, गच्ची, ओटा कसा सांभाळताय, सविस्तर लिहा. नावं आणि फोन नंबर इथे नकोत, फक्त आपला भाग सांगा.

राजारामपुरी
तीन पद्धती चालतात : रोजावर, ठोक किंवा स्क्वेअर फुटावर. रोजावर काम लांबतं, ठोक घेतलं की घासकाम गुंडाळतात. आम्ही स्क्वेअर फुटावर दिलं. अंदाजासाठी कार्पेट एरियाला साडेतीनने गुणायचं, भिंती आणि छत मिळून साधारण तेवढं भरतं. दारं-खिडक्या वजा करायच्या की नाही हे मात्र आधी बोलून घ्या, भांडणं तिथेच होतात. पुट्टीचे हात किती, प्रायमर कुठला, रंगाचे हात किती, कपाटं कोण सरकवणार आणि फरशीवरचे डाग कोण काढणार, हे सगळं वहीच्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. दर विचारायला बरेच जण येऊन गेले. ज्याने शेड कार्ड उघडायच्या आधी बाथरूमच्या मागच्या भिंतीवर हात फिरवून "इथं पाणी कुठनं येतंय?" असं विचारलं, त्यालाच काम दिलं.

शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ
आमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी घरात होतं. पाणी ओसरल्यावर सगळ्या गल्लीला दिवाळीच्या आत घर पूर्वीसारखं दिसायला हवं होतं. आमचे मिस्त्री मात्र ऐकेनात. त्यांनी भिंतीला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी येऊन काढला, तर आतून थेंब जमलेले. म्हणाले, "वहिनी, ही भिंत अजून पाणी ओकतेय. ह्याच्यावर कलर मारला तर माझं नाव जाईल आणि तुमचा पैसा." दिवाळी पोपडे निघालेल्या भिंतीतच काढली. सासूबाई चिडल्या होत्या, पाहुण्यांत काय दिसेल म्हणून. ऊन तापल्यावर मिस्त्रींनी खालचा सगळा जुना ऑइल पेंट आणि पुट्टी थेट गिलाव्यापर्यंत खरवडली आणि तिथे डिंक घातलेला चुना मारला. पाणी चढलं होतं त्या उंचीच्या वरच्या भिंतीला नेहमीचा इमल्शन.

यामागचं कारण त्यांनी नीट समजावलं. विटेत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं, येताना क्षार आणतं आणि वाफ होऊन उडतं; मागे क्षार राहतात, तोच लोणा. वर ऑइल पेंट असेल तर वाफ अडते, क्षार आतल्या आत फुगतात आणि रंग फोडासारखा उचलतो. चुन्यातून वाफ निघून जाते. शेजारी घाईने केलेला गुळगुळीत पट्टा पुढच्या पावसाळ्यात हाताने सोलून निघाला. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं, तेव्हा आम्ही भिंत धुतली, वाळू दिली आणि परत चुना मारला. खर्च किरकोळ. दिसायला साधं दिसतं, पण आता त्या उंचीपर्यंत पुट्टी लावूच देत नाही.

मंगळवार पेठ
एकच सूचना. पेठांच्या फुटबॉलचा हंगाम चालू असेल तर शाहू स्टेडियमवर कुणाची मॅच कधी आहे ते बघूनच काम काढा. आमचा पेंटर दुपारी तीनला ब्रश बादलीत टाकून गायब, आणि संध्याकाळी हरून आला की दुसऱ्या दिवशीही गायब. काम मात्र झकास केलं, त्याबद्दल तक्रार नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या आठवड्यातही कुणी मिळेल ही आशा सोडा.

फुलेवाडी (मी स्वतः पेंटर)
आमीबी वाचतोय म्हटलं. उचल मागितली की लोकांना वाटतं गडी पळणार. आवो, परांचीचं भाडं आन् पोरांचा रोज आमी आधी खिशातनं भरतो. सामान मालकानं आणलं तर थोडी उचल पुरे. पुढचे पैसे पुट्टी घासून झाल्यावर, मग पहिल्या हातानंतर, आन् थोडे शेवटाला राखा. आमची काय हरकत न्हाई.

दुसरं, डब्यातलं टोकन. ते दिलं की पेंटरला कंपनीकडनं पैसे मिळत्यात, म्हणून लोक त्याला चोरी म्हणत्यात. कंपनी ते पेंटरसाठीच घालते, त्यात चोरी कसली? पण टोकन जास्त म्हणून नको तो माल गळ्यात मारणारे बी हाईत, ते खरं हाय. डबा तुमच्यासमोर फोडा म्हणावं. पाणी किती घालायचं ते डब्यावर छापलेलं असतंय, तेबी वाचा. आन् एक हात वाळायला तीन-चार तास लागत्यात, पावसाळी हवेत जास्तच. "आजच दोन्ही हात मारून टाका" म्हणणारा मालक भेटला की मीच काम सोडतो.

ताराबाई पार्क
गच्चीचं सांगते. वॉटरप्रूफ कोटिंग एप्रिल-मेमध्ये करायचं ठरवलं की वळीव हमखास गाठतो. ओला हात धुऊन पन्हाळीतून खाली जातो. आम्ही आता दिवाळीनंतर करून घेतो, स्लॅब वाळलेला असतो. भेगा आधी भरल्या पाहिजेत, नुसता पांढरा रंग फासून गळती थांबत नाही. कोटिंग झाल्यावर खरा धोका उन्हाळी कामांचा. खाटेचे पाय, टाकीखालच्या विटा, कुरडया वाळवताना पातळाच्या टोकांवर ठेवलेले दगड, यांनी पापुद्रा फाटतो आणि पाणी आत शिरून लांबवर पसरतं. खाटेच्या पायाखाली जुन्या चपलांचे तुकडे ठेवतो. मेअखेर पन्हाळीच्या तोंडातला पाला काढायचा. तारेच्या ब्रशने कधीही घासायचं नाही.

कळंबा
स्वयंपाकघरात मॅट रंग देऊ नका. तांबड्या रश्श्याचा कट उडाला की डाग जिरतो, आणि घासलं तर तेवढाच भाग चकाकतो. सॅटिन परवडतो. नवा रंग पहिले काही आठवडे धुवायचा नाही, नंतर मऊ स्पंज आणि पातळ साबणपाणी पुरतं.

ओट्याला सीलर (दगडात पाणी आणि डाग मुरू नयेत म्हणून लावतात तो थर) लावला असेल तर थेंबभर पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खालचा दगड काळसर झाला तर सीलर संपला. देवघरातल्या पांढऱ्या संगमरवरावर हळद-कुंकू सांडलं की लगेच कोरड्या फडक्याने टिपा, पाणी लावलंत की रंग पसरतो. आणि बाथरूमचं ॲसिड तिकडे अजिबात नेऊ नका; लिंबूसुद्धा संगमरवर खातं, सीलर असला तरी.

शिवाजी पेठ
जुनं घर, सागवानी दारं, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा ऑइल पेंट. घरात रांगतं बाळ होतं म्हणून चौकशी केली. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या थरांत किती असेल ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कोरडं घासू दिलं नाही, पाणी मारून वॉटर पेपरने घासलं, राडा पिशवीत भरला, आणि काम होईपर्यंत बाळ आणि त्याची आई माहेरी राहिली. नंतर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश करायचं होतं. पॉलिशवाले मामा म्हणाले, पावसाळ्यात नको, दमट हवेत पांढरी झाक येते. थांबलो. त्याऐवजी मेलामाइनच्या (रासायनिक) पॉलिशचा आग्रह सगळ्यांनी केला, पण चपडा खरचटला तर तेवढीच जागा पुन्हा करता येते, म्हणून तोच ठेवला. वर गरम चहाचा कप ठेवायचा नाही एवढं पथ्य.

धागाकर्ता
शाहूपुरीच्या ताई, आमच्याही खालच्या भिंतीला ऑइल पेंट आहे. त्यावरच चुना चालेल का?

शाहूपुरी, कुंभार गल्लीजवळ
नाही हो, धरतच नाही, भुकटी होऊन गळतो. गिलावा दिसेपर्यंत खरवडावं लागेल, आणि ती मजुरी दरात वेगळी धरायला सांगा, नाहीतर अर्धवट खरवडून ठेवतात.